भावयित्री प्रतिभा आणि मेंदूचे चित्र

राजशेखराची 'काव्यमीमांसा' बडोद्याहून प्रसिद्ध झाली ती १९१६ साली. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून तिचा मान आहे. पुढे याच मालेत अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचे नाट्यशास्त्र १९२६ पासून १९६४ पर्यंत चार खंडांत निघाले. काव्याचा आस्वाद घेणारा जो कोणी असतो त्याच्या अंतरंगात काय घडते, या प्रश्नाचा आपल्याकडील सर्वांत खोल विचार ज्या दोन ग्रंथांत आहे, ते दोन्ही या नगरीने छापले, ही गोष्ट बडोदेकरांच्याही फारशी ध्यानात नसते. राजशेखराने प्रतिभा दोन प्रकारची मानली. कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. वाचणे हीदेखील एक निर्मिती आहे, तिलाही शक्ती लागते, हे त्याने एका शब्दात सांगून टाकले.

या भावयित्री प्रतिभेचा आज पुन्हा विचार करण्याचे कारण निराळे आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत, मनुष्य वाक्य ऐकत असता वा वाचीत असता त्याच्या मेंदूत चाललेल्या घडामोडी टिपणारी यंत्रे प्रयोगशाळांत रुळली, आणि त्यांची रंगीत चित्रे आता वाङ्मयचर्चेतही येऊ लागली. 'कविता वाचताना मेंदूचा अमुक भाग उजळतो' असे वाक्य व्याख्यानात आले की श्रोत्यांत एक प्रकारची आदरयुक्त शांतता पसरते. जणू काय आनंदवर्धनापासून चाललेला वाद त्या उजेडाने मिटला! राजशेखराने भावकांचे जे चार वर्ग सांगितले आहेत त्यांत एक सतृणाभ्यवहारी म्हणून आहे. म्हणजे पानात पडेल ते गवतासकट खाणारा. चित्र दिसताच सिद्धांत गिळणारे या वर्गात मोडतात. दुसऱ्या टोकास अरोचकी बसले आहेतच. त्यांना यंत्राचे नाव काढताच अन्न गोड लागत नाही. काव्य ही आत्म्याची गोष्ट, तेथे लोहचुंबकाचे काय काम, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस दोन्ही पंक्ती टाळावयाच्या आहेत. या प्रयोगांतून काव्यविचाराला खरोखर काही मिळते काय, आणि मिळत असेल तर कोठवर, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम त्या 'उजळण्या'विषयी. एफ.एम.आर.आय. या नावाने जी पद्धत ओळखली जाते ती विचाराचे छायाचित्र घेत नाही. मेंदूचा एखादा भाग अधिक काम करू लागला की तिकडे ताज्या रक्ताचा पुरवठा वाढतो. प्राणवायू वाहणाऱ्या आणि प्राणवायू सोडून दिलेल्या रक्तद्रव्याचे चुंबकीय गुण वेगळे असल्याने तो फरक यंत्रास कळतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास हे तत्त्व दाखवून दिले. मेंदू कोठेच विझलेला नसतो. तो सदा सर्वत्र चालू असतो. दोन स्थितींतील अत्यल्प फरक गणिताने काढून, तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे त्या जागी लाल-पिवळा रंग भरावयाचा, असा हा व्यवहार आहे. रंग गणिताने दिलेला असतो. ते गणित ढिले ठेवले तर काय होते, हे २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी मोठ्या विनोदाने दाखविले. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्यास माणसांची चित्रे 'दाखविली' आणि नेहमीच्या हिशेबात आवश्यक ती दुरुस्ती न करता निष्कर्ष काढला. माशाच्या मेंदूतही रंगाचा ठिपका उमटला! आमच्या सतृणाभ्यवहारी मित्रांनी हा मासा भिंतीवर टांगून ठेवावा.

याहून मोठी अडचण काळाची आहे, आणि काव्याच्या अभ्यासकास ती विशेष जाणवावी. रक्ताचा हा ओघ परमावधीस पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात. आता भुजंगप्रयाताचा एक चरण घ्या. चार यगण, बारा अक्षरे, वीस मात्रा. सावकाश म्हटला तरी तो तीन-चार सेकंदांत संपतो. म्हणजे पहिल्या अक्षराची वर्दी रक्ताकडून पुरती मिळेपर्यंत आपण दुसऱ्या चरणात शिरलेलो असतो. अशा यंत्राने कविता 'ऐकणे' म्हणजे पखवाजाचे बोल भिंतीच्या कंपावरून ओळखण्यासारखे आहे. कोठे, याचे उत्तर हे यंत्र बरे देते. केव्हा, याचे देऊ शकत नाही. त्यासाठी डोक्यावर विद्युद्ग्रे लावून सूक्ष्म विद्युत्‌लहरी मोजण्याची जुनी पद्धत, किंवा त्याच लहरींचे चुंबकीय पडसाद टिपणारी नवी पद्धत, यांकडेच वळावे लागते. त्यांत जागेचा नेम तितका पक्का नसतो, पण सेकंदाचा हजारावा भागही हातातून निसटत नाही. वाङ्मयविचाराला जे मिळाले आहे ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेने मिळाले आहे, असे आमचे मत झाले आहे.

त्याचा उत्तम दाखला १९८० चा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील शाखेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिल्यार्ड यांनी लोकांना पडद्यावर एकेक शब्द करून वाक्ये वाचावयास दिली. काही वाक्यांचा शेवटचा शब्द अर्थाने विसंगत होता. पावाला लोण्याऐवजी पायमोजे फासल्यासारखा. असा शब्द येताच सुमारे चारशे सहस्रांश सेकंदांनी ऋण बाजूची एक ठळक लहर उठे. तोच शब्द अर्थाने योग्य पण अकस्मात मोठ्या अक्षरांत छापला, तर ती लहर उठत नसे, दुसरीच उठे. म्हणजे केवळ आश्चर्याची ही खूण नव्हती. अर्थाच्या अडखळण्याची होती. तिला एन-४०० असे नाव पडले.

आपल्या नैयायिक-मीमांसकांची ज्यांना थोडीही ओळख आहे त्यांस हे वाचताना 'वह्निना सिञ्चति' आठवल्यावाचून राहणार नाही. अग्नीने शिंपतो! व्याकरण बिनचूक, पण वाक्यार्थ नाही. कारण योग्यता नाही. आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही वाक्यार्थबोधाची तीन साधने आपल्या शास्त्रकारांनी वेगवेगळी मानली. पुढे व्याकरणदोष असलेल्या वाक्यांना मेंदू निराळ्या, उशिराच्या व धन बाजूच्या लहरीने प्रतिसाद देतो, असे १९९२ च्या सुमारास आढळले, तेव्हा आकांक्षा आणि योग्यता यांचा भेद यंत्रानेही मानला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण एन-४०० ही लहर चुकीच्या शब्दासच उठते असे नाही. अर्थपूर्ण अशा प्रत्येक शब्दागणिक ती कमी-अधिक उठते, आणि शब्द जितका अपेक्षित तितकी ती लहान होते, हे त्याच संशोधकांनी १९८४ मध्ये दाखविले. आपल्या शास्त्रकारांनी होय-नव्हे असा निवाडा मानला. येथे चढउतार आहे. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणणे जितके सोपे तितके ते त्यांच्यावरही अन्यायाचे असते. त्यांनी जो प्रश्न नेमका विचारला, तो पुन्हा विचारण्याचे नवे साधन हाती आले, एवढे म्हणणे पुरे.

पण खरी गंमत पुढे आहे. २००६ साली नेदरलंड्‌समधील मान्टे न्यूव्हलांट आणि योस फान बेर्कुम यांनी श्रोत्यांना एका शेंगदाण्याची छोटीशी गोष्ट ऐकविली. हा शेंगदाणा नाचतो, गातो, एका मुलीवर त्याचे मन बसले आहे. गोष्टीच्या ओघात 'शेंगदाणा प्रेमात पडला होता' हे वाक्य येते. सुटे ऐकले तर ते अयोग्यतेचा नमुना. निर्जीव वस्तूस प्रेम कोठले? तथापि गोष्ट ऐकत आलेल्या श्रोत्यांच्या मेंदूत ते वाक्य अडखळत नव्हते. उलट 'शेंगदाणा खारवलेला होता' हे व्यवहारातले खरे वाक्यच अडखळत होते! कथेने घातलेला नियम जगाच्या नियमावर मात करतो. आणि मात करतो तो मागाहून विचार करून नव्हे, तर शब्द कानी पडल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत.

हा प्रयोग आम्हांस साहित्यशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. पंचतंत्रातले सिंह-कोल्हे बोलतात तेव्हा वाचक आपला अविश्वास बाजूस ठेवतो असे इंग्रजी टीकेच्या वळणाने आपण शिकवीत आलो. बाजूस ठेवणे म्हणजे आधी हातात असणे आले. येथे तर दिसते की अविश्वास उद्‌भवतच नाही. योग्यता ही वस्तूंच्या स्वभावात नसून प्रबंधाच्या ओघात आहे. लौकिक आणि अलौकिक यांच्यातील भेदाविषयी अभिनवगुप्ताने जे प्रतिपादन केले त्याच्या जवळपास ही गोष्ट जाते. जवळपास म्हणतो, त्याच्या घरात जाते असे म्हणत नाही. रसाविषयी या लहरी अक्षरही बोलत नाहीत. 'गंगायां घोषः' म्हटल्यावर गंगेचा तीर हा अर्थ केव्हा लागला ते कदाचित मोजता येईल. त्या तीराचे शैत्य आणि पावनत्व, जे व्यंजनेने कळते म्हणून हा प्रयोग केला जातो, ते कळले की नाही हे कोणत्या लहरीवरून ओळखावयाचे? खरखरीतपणाच्या रूपकांनी स्पर्शाचे क्षेत्र चाळवते, असे २०१२ साली अमेरिकेत कृष सथियन व सहकारी यांनी दाखविले. गोष्ट खरी. पण रूपक चांगले असो की गुळगुळीत झालेले असो, चाळवण्याच्या या नोंदीतून त्याची प्रत समजत नाही, आणि टीकाकाराचे काम तर प्रतीपासूनच सुरू होते.

अर्थापेक्षा लयीच्या बाबतीत या यंत्रांकडून अधिक आशा धरावी असे आम्हांस वाटते, आणि येथे पुन्हा बडोद्याची आठवण होते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांचा जन्म १८९४ साली याच शहरात झाला. कवी म्हणून त्यांच्याविषयी मतभेद होतील. 'छंदोरचने'विषयी होऊ नयेत. १९२७ मध्ये निघालेला आणि १९३७ मध्ये मोठ्या प्रमाणावर वाढविलेला हा ग्रंथ मराठी पद्याचे अंग न अंग मोजतो. त्यांनी पद्य मोजले ते कानाने: कोठे आवर्तन पुरे होते, कोठे अक्षर ओढावे लागते, कोठे विराम आपोआप पडतो. पद्याचे आवर्तन ऐकणाराच पुरे करतो, ही जाणीव त्या ग्रंथात पानोपानी आहे. पुढे मर्ढेकरांनी लय हे सौंदर्याचेच तत्त्व मानले, तेव्हा चर्चा तत्त्वज्ञानाच्या पातळीवर गेली आणि मात्रा मोजणारे कान मागे पडले.

आता २०१६ मधला एक प्रयोग पाहा. डेव्हिड पोपेल यांच्या गटातील नाई डिंग व इतरांनी चिनी भाषेतील एकेक अक्षर पाव सेकंदाच्या काटेकोर अंतराने ऐकविले. चार अक्षरांचे एक वाक्य, दोन अक्षरांचा एक पदसमूह. आवाजात कोठेही चढउतार नाही, विराम नाही. ध्वनीत जी लय आहे ती सेकंदाला चार अक्षरांची, बाकी काही नाही. चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूत मात्र तीन लयी आढळल्या: अक्षरांची सेकंदाला चार, पदसमूहांची दोन आणि वाक्यांची एक. चिनी न जाणणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या मेंदूत फक्त पहिली. म्हणजे उरलेल्या दोन लयी ध्वनीत नव्हत्याच. त्या ऐकणाऱ्याने आपल्या भाषाज्ञानाने घातल्या. 'आवर्तन श्रोता पुरे करतो' या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

वेल्समधील बँगर विद्यापीठातील प्रयोग तर याच्याही पुढे जातो. वेल्श काव्यात व्यंजनांच्या पुनरावृत्तीचे आणि आघातांचे फार कडक नियम असलेला एक जुना रचनाबंध आहे. त्याचे काही शिक्षण नसलेल्या, पण वेल्श मातृभाषा असलेल्या वाचकांना नियमात बसणारी व नियम मोडणारी वाक्ये दिली. कोणते वाक्य बरे वाटते असे विचारता त्यांना दोहोंत फरक करता आला नाही. त्यांच्या मेंदूने मात्र तो केला. शेवटचा शब्द नियमात बसला की, शोधत असलेली वस्तू सापडावी तशी एक विशिष्ट लहर उठत असे. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ओवी म्हणणाऱ्या ज्या बाईस मात्रा म्हणजे काय हे ठाऊक नसते, पण एखादा शब्द जास्त झाला तर जिचे जाते क्षणभर थबकते, तिला या प्रयोगाचे नवल वाटणार नाही. पण भावयित्री प्रतिभा अभ्यासाने येते की वासनेने, या आपल्याकडील वादात हा एक नवा साक्षीदार आहे खरा.

येथवर आम्ही चीनची, हॉलंडची आणि वेल्सची उदाहरणे दिली, याचा थोडा संकोच वाटतो. देवनागरीच्या वाचनावर मात्र आपल्याकडेच काम झाले आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाक्यांश वाचणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली आणि २००९ मध्ये असे मांडले की, इतर लिप्या वाचताना डाव्या मेंदूची जी क्षेत्रे गुंततात ती येथेही गुंततातच, पण उजव्या बाजूचे, जागेचा अंदाज घेणारे क्षेत्रही त्यांना साथ देते. कारण उघड आहे. रोमन अक्षरे एका रांगेत चालतात. आपल्या मात्रा व्यंजनाच्या वर, खाली, पुढे आणि मागेही बसतात. 'कि' मध्ये इकार आधी दिसतो आणि मागाहून उच्चारला जातो. हा आपला नित्याचा डोळ्यांचा व्यायाम आहे. तो आपणास कधी जाणवला नाही, इतकेच.

आणि येथे बडोद्यातील मराठी कुटुंबांकडे पाहावे असे आम्हांस राहून राहून वाटते. दांडिया बाजारातील मुलगा घरी मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती; एका पुस्तकात शिरोरेखेची देवनागरी वाचतो, दुसऱ्यात शिरोरेखा नसलेली गुजराती. अक्षरांची घडण एकाच तत्त्वाची, मात्रांची जागा जवळजवळ तीच, फक्त वरची दोरी काढून घेतलेली. एकाच डोक्यात दोन लिप्या आणि त्यांत मुख्य भेद म्हणावा असा हा एकच! प्रयोगकर्त्याने मुद्दाम घडवू म्हटले तरी याहून बरी योजना त्यास साधणार नाही. शिरोरेखा वाचकाला शब्द एकसंध पाहण्यास मदत करते की अक्षरे वेगळी काढण्यात आड येते, हा प्रश्न मुद्रणकारांनी आणि लिपिसुधारकांनी किती वर्षे केवळ मतांवर लढविला!

ओघात आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लखनौच्या परिसरातील खेड्यांतल्या, तिशीच्या आसपास असलेल्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविल्यावर त्यांच्या मेंदूतील दृष्टीच्या व्यवस्थेत बदल झाले, आणि ते केवळ वरच्या थरात नव्हे, तर थेट खोलवरच्या केंद्रांच्या परस्परसंवादात झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा आपण प्रजेच्या मेंदूची घडणच बदलीत आहोत, हे त्यांस कोणी सांगितले असते तर ते बहुधा प्रसन्न झाले असते.

आता एक जुना धडा. डॉ. के. ना. वाटवे यांनी १९४२ साली 'रसविमर्श' लिहिला. ग्रंथ विद्वत्तेचा आहे आणि आजही त्याजवाचून रसचर्चा पुरी होत नाही. पण स्थायीभावांची संख्या व स्वरूप ठरविताना त्यांनी त्या काळी प्रमाण मानलेल्या मॅकडूगलच्या सहजप्रवृत्तींचा आधार घेतला. पुढे मानसशास्त्राने मॅकडूगलला मागे टाकले, आणि 'रसविमर्शा'तील जी पाने त्या आधारावर उभी होती ती सर्वांत आधी जुनी झाली. वाटव्यांनी स्वतः काव्य वाचून जे लिहिले ते टिकले. मेंदूच्या चित्रांवर आज जो काव्यसिद्धांत उभारील त्याने हे ध्यानात ठेवावे. अमुक क्षेत्र चाळवले, आणि ते भयाच्या वेळीही चाळवते, म्हणून येथे भयानक रस आहे, असा उलटा तर्क तर मुळीच चालणार नाही. एकच क्षेत्र दहा कामांत गुंतलेले असते, आणि या उलट्या तर्काविरुद्ध २००६ सालीच रसेल पोल्ड्रॅक यांनी आपल्या व्यवसायबंधूंना सावध केले आहे. घरातल्यांनीच दिलेला इशारा बाहेरच्यांनी न मानणे शोभत नाही.

इतके सांगूनही आम्ही या विषयाकडे पुन्हा पुन्हा का वळतो, ते सांगितले पाहिजे. आमच्या वाचनमंडळातील एक वृद्ध गृहस्थ, पेशाने हिशेबनीस, काही वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणास खिळले. वाचा गेली. पाणी हवे असता 'पाणी' हा शब्द त्यांना सापडत नसे. ओठ हलत, डोळ्यांत पाणी येई आणि भलताच शब्द बाहेर पडे. डॉक्टरांनी मेंदूचे चित्र दाखविले. डाव्या बाजूस एक काळसर डाग होता, आणि ब्रोकाने १८६१ साली वाचेचे म्हणून जे क्षेत्र दाखवून दिले ते त्या डागात बुडाले होते. चित्र चोख होते. त्याने जे गेले ते बरोबर दाखविले. पण एका सायंकाळी घरात कोणी मनाचे श्लोक म्हणू लागले आणि हे गृहस्थ त्यांच्याबरोबर म्हणू लागले. स्वच्छ, न अडखळता, एकामागून एक. श्लोक थांबले आणि पुन्हा वाचा गेली.

पाठ असलेले असे शब्दौघ वाचाघातात शिल्लक राहतात हे वैद्यकास शंभर-दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. ते गाण्याच्या सुरामुळे राहतात अशी समजूत होती, आणि १९७३ पासून सुरावटीवर आधारलेली एक उपचारपद्धतीही चालत आली आहे. पण २०११ साली जर्मनीत बेंजामिन श्टाल व सहकारी यांनी सतरा रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, सूर काढून टाकून केवळ ठेक्यावर म्हणविले तरी रुग्ण तितकेच बोलू शकले, असे आढळले. आधार सुराचा नव्हता. लयीचा होता, आणि शब्द जिभेवर बसलेले असण्याचा होता. हे आम्ही वाचले तेव्हा त्या घरी जाऊन सांगितले. तेव्हापासून त्यांची सून 'पाणी हवे का' हे शब्द भुजंगप्रयाताच्या ठेक्यावर, मांडीवर हलकेच हात आपटीत म्हणते. कधी कधी ते उत्तर देतात.

आम्ही भेटावयास जातो तेव्हा एकेक श्लोक मिळून म्हणतो. एकदा आमच्याकडून एका चरणात एक लघू अक्षर अधिक पडले. त्यांनी म्हणणे थांबविले, आमच्याकडे पाहिले आणि मान हलविली. श्लोकाचा अर्थ त्या वेळी त्यांस कळत होता किंवा नाही, हे आम्हांस विचारता आले नाही.